बळाच्या शोधातला मुलगा

राजकोटच्या हायस्कुलात सुटीची घंटा झाली की एक किरकोळ अंगाचा मुलगा दप्तर सावरीत घराकडे धावत सुटे. कोणाशी शर्यत नसे, घरी काही तातडीचे कामही नसे. सकाळी घंटेच्या ठोक्याला वर्गात हजर व्हायचे आणि शाळा सुटताच पळत घर गाठायचे, हा त्याचा रोजचा नेम होता. वाटेत कोणी भेटले तर बोलावे लागेल, आणि बोलता बोलता कोणी थट्टा केली तर ती सोसवणार नाही, एवढेच त्या धावण्याचे कारण. मैदानावर मात्र हा मुलगा सक्ती होईपर्यंत कधी उतरला नाही. बरोबरीची मुले क्रिकेट आणि कसरतीत रमत, तेव्हा त्यांच्यात मिसळण्याची त्याची हिंमतच होत नसे.

हा मुलगा म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरात त्याचा जन्म झाला, आणि सातव्या वर्षाच्या सुमारास तो वडिलांबरोबर राजकोटला आला. वडील करमचंद, म्हणजे सर्वांचे कबा गांधी, संस्थानाचे दिवाण होते. घर मोढ वाण्याचे, वैष्णव वळणाचे. पुढे १९२५ च्या अखेरीस गांधीजींनी ‘नवजीवन’ साप्ताहिकातून गुजरातीत आत्मकथा लिहावयास घेतली, तेव्हा या शाळकरी वयातील चुका त्यांनी एकेक करून वाचकांपुढे मांडल्या. थोर माणसाच्या चरित्रात असे प्रसंग सहसा झाकले जातात. येथे चरित्रनायकच ते उघडे करीत होता.

शाळेचे हेडमास्तर दोराबजी एदलजी गिमी हे शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी वरच्या वर्गांतील मुलांना कसरत आणि क्रिकेट सक्तीचे केले. मोहनला हे दोन्ही विषय नकोसे होते. व्यायामाचा आणि शिक्षणाचा काही संबंध नाही अशी त्याची तेव्हा समजूत होती, आणि ती चुकीची होती हे त्यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले. पण नावडीचे आणखी एक कारण होते. शाळा सुटल्यावर आजारी वडिलांची सेवा करण्याची त्याला ओढ असे आणि सक्तीच्या कसरतीमुळे ती वेळ हुकत असे. त्याने सूट मागितली, गिमींनी दिली नाही.

एका शनिवारी शाळा सकाळची होती आणि कसरतीसाठी दुपारी चार वाजता पुन्हा जायचे होते. मोहनजवळ घड्याळ नव्हते. आभाळ भरून आले होते, त्यामुळे उन्हावरून वेळेचा अंदाज येईना. तो पोहोचला तेव्हा मुले निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी हजेरीपट पाहताना गिमींनी कारण विचारले. त्याने घडले ते सांगितले, पण त्यांचा विश्वास बसला नाही. एक-दोन आणे दंड झाला.

दंडाची रक्कम क्षुल्लक होती. पण खोटे बोलल्याचा ठपका आला होता, आणि तोही खरे बोलल्यावर. मुलगा रडला. खरे असूनही ते सिद्ध करण्याचा काही उपाय त्याच्या हाती नव्हता. त्या दिवशी एक गोष्ट त्याच्या मनावर कोरली गेली : ज्याला खरे वागायचे आहे त्याला दक्षही राहावे लागते. निष्काळजी माणसाचे खरेही लोकांना खोटे वाटते. ज्यांचा व्यवहार आयुष्यभर शब्दावर आणि वेळेवर चालतो, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. पुढे दंड माफ झाला आणि वडिलांनीच हेडमास्तरांना पत्र लिहून मुलाला शाळेनंतर घरी पाठविण्याविषयी कळविल्यामुळे कसरतीतून सुटकाही मिळाली. सेवेचे पुण्य घडले, मैदान मात्र कायमचे सुटले. दहावीचे वर्ष आले की मुलाचा खेळ बंद करून त्याला शिकवणीला किंवा दुकानाच्या गादीवर बसविणारी घरे आजही काही थोडी नाहीत. त्यांचाही हेतू वाईट नसतो. मोहनने एक केले. मोकळ्या हवेत लांब फिरण्याचे फायदे त्याने पुस्तकांत वाचले होते, ते त्याला पटले आणि त्याने चालण्याची सवय लावून घेतली. ती आयुष्यभर टिकली.

या भित्र्या, अशक्त मुलाला अंधाराचे भय होते. चोर, भुते आणि साप या तिघांनी त्याची रात्र व्यापलेली असे. उशाशी दिवा असल्याशिवाय झोप येत नसे. तेराव्या वर्षी लग्न झाले, तर पत्नी कस्तुरबाई अंधारात बेधडक वावरणारी! आपली भीती तिला सांगण्याचीही त्याला लाज वाटे. अशा वेळी त्याच्या आयुष्यात एक मित्र आला. मूळचा तो मधल्या भावाचा सोबती. तो लांब पल्ल्याचे अंतर विलक्षण वेगाने धावत असे, उंच उडी आणि लांब उडी यांत त्याचा हात कोणी धरत नसे, आणि कितीही मार सोसण्याची त्याची तयारी असे. जिवंत साप हातात धरता येतात, चोरांचे भय वाटत नाही, भुते मुळी मानतच नाही, असे तो सांगे. आपल्या अंगची ही कर्तबगारी तो मोहनला वारंवार करून दाखवी. जे आपल्याजवळ नाही ते दुसऱ्यात पाहून डोळे दिपतात; मोहनचे तसेच झाले. आपणही याच्यासारखे का होऊ नये, हा विचार मनात घर करून बसला.

या मित्राचे नाव गांधीजींनी आत्मकथेत लिहिलेले नाही. चरित्रकारांनी ते शोधून काढले आहे. पण लेखकाने ते गाळले यातच त्यांचा विवेक दिसतो, तेव्हा येथेही ते नको. दोष एका मुलाचा नव्हता आणि कोणत्या समाजाचा तर नव्हताच.

मित्राजवळ बळाचे कारण तयार होते : मांसाहार. शाळेतले अमुक शिक्षक गुपचूप खातात, गावातली तमुक प्रतिष्ठित माणसे खातात, इंग्रज खातात म्हणून ते राज्य करतात, असा त्याचा युक्तिवाद असे. मधला भाऊ आधीच त्या वाटेने गेला होता. भाऊ आणि मित्र दोघेही अंगाने धडधाकट, आणि मोहन त्यांच्यापुढे काटकुळा. ज्या गुजरातेत हे घडत होते तेथे जैन आणि वैष्णव कुटुंबांत मांसाहाराविषयी जेवढा तिटकारा होता तेवढा जगात अन्यत्र क्वचितच असेल, असे गांधीजींनीच नमूद केले आहे. कबा गांधींच्या घरी जैन मुनींचे येणे-जाणे होते. ते येत, वडिलांशी धर्मचर्चा करीत, आणि घर जैन नसतानाही तेथील आहार स्वीकारीत. आई पुतळीबाई चातुर्मासात कडक व्रते धरी. एका चातुर्मासात तर सूर्यदर्शनाशिवाय न जेवण्याचा तिचा नेम होता. मुले आभाळाकडे डोळे लावून बसत, सूर्य दिसला की आईला हाक मारत. ती बाहेर येईपर्यंत ढग पुन्हा दाटलेले असत आणि ती हसतमुखाने कामाला परत जाई. अशा आईचा मुलगा नदीकाठच्या एकांतात जाऊन बसला तो जिभेच्या चोचल्यासाठी नव्हे. त्याला बलवान व्हायचे होते. देश बलवान व्हावा, इंग्रजांना घालवता यावे, असेही त्याला वाटत होते. वाईट वाट नेहमी वाईट इच्छेतूनच फुटते असे नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांच्या ध्यानात येणे अवघड असते.

त्या दिवशीचा घास त्याच्या गळ्याखाली उतरेना. शिसारी येऊन तो उठला. रात्री डोळा लागला की पोटात जिवंत बकरे ओरडत असल्याचा भास होऊन तो दचकून जागा होई. तरीही मन मानले नाही. हे कर्तव्य आहे, अशी समजूत घालून तो पुढे गेला. मित्राने मग संस्थानाच्या एका इमारतीत, खुर्च्या-टेबले मांडलेल्या भोजनगृहात, तेथील मुख्य आचाऱ्याशी संधान बांधून बेत जमविले. साधारण एका वर्षात असे पाच-सहा प्रसंग झाले असतील. त्याहून अधिक नाहीत, कारण एवढा पैसा कोठून येणार?

प्रत्येक वेळी घरी आल्यावर रात्रीच्या जेवणाचा प्रश्न येई. आई वाढायला बोलावी. आज भूक नाही, पोट बरे नाही, असे मोहन सांगे. आई कारण विचारी, तो आणखी काही सांगे. नदीकाठच्या त्या घासापेक्षा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उच्चारलेली ही वाक्ये त्याला जास्त बोचू लागली. अखेर त्याने निश्चय करून मित्राला सांगून टाकले, की आईवडील हयात असेपर्यंत हे बंद. यातली एक बारीक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. मांसाहार वाईट आहे असे त्याचे मत झाले नव्हते. आईवडील नसतील आणि आपण स्वतंत्र होऊ तेव्हा उघडपणे खाऊ, अशी सवलत त्याने मनाशी ठेवली होती. त्याने सोडले ते खोटे बोलणे. मांसाहाराचा प्रश्न अजून सुटायचा होता.

मित्र मात्र सुटला नाही. आईने सावध केले, मोठ्या भावाने केले, पत्नीनेही केले. मोहनचे उत्तर ठरलेले असे : त्याचे दोष मला माहीत आहेत, त्याचे गुण तुम्हांला माहीत नाहीत, मी त्याला सुधारीन. हे उत्तर देणाऱ्या मुलाला आपण किती थोर काम करीत आहोत असे वाटत असते, आणि ऐकणाऱ्यांची तोंडे बंद होतात. प्रत्यक्षात बदलत होता तो मोहनच. मित्राने त्याला जेथे नेऊ नये तेथेही एकदा नेले. त्याच्या बुजरेपणानेच तो तेथून वाचला. मित्राच्या सांगण्यावरून त्याने पत्नीवर संशय घेतला, तिला दुःख दिले. त्याबद्दल गांधीजींनी स्वतःला पुढे कधी क्षमा केली नाही.

शाळकरी वयात शिकलेला धडा तेथेच पक्का होतो असे समजण्याचे कारण नाही. पुढे दक्षिण आफ्रिकेत, डरबनच्या घरी, गांधीजींनी एका जुन्या सोबत्याला आश्रय दिला. चरित्रकारांच्या मते तो हाच. त्याच्या सांगण्यावर विसंबून त्यांनी एका प्रामाणिक कारकुनावर अविश्वास दाखविला आणि तो दुखावून निघून गेला. एका दुपारी घरच्या आचाऱ्याने कचेरीत येऊन त्यांना तातडीने घरी नेले आणि सोबत्याचे वर्तन डोळ्यांनी दाखविले, तेव्हा कोठे पडदा दूर झाला. त्याला त्यांनी तत्काळ घराबाहेर काढले. आईने राजकोटला जे सांगितले होते ते पटायला एवढी वर्षे लागली. ज्याला सुधारायचे त्याच्याशी जिवलग मैत्री करता येत नाही, कारण मैत्रीत माणसे एकमेकांसारखी होत जातात आणि गुणांपेक्षा दोष लवकर चिकटतात, असा निष्कर्ष त्यांनी आत्मकथेत काढला आहे. तो वाचताना या सगळ्याची किंमत ध्यानात ठेवावी लागते.

राजकोटच्या त्याच वर्षांत आणखी एक गोष्ट घडली. बारा-तेरा वर्षांचा असताना एका नातेवाईक मुलाच्या संगतीने मोहन काकांनी टाकलेली विड्यांची थोटके ओढू लागला होता, आणि विड्यांसाठी नोकराच्या खिशातले पैसे उचलण्यापर्यंत मजल गेली होती. तो नाद पुढे सुटला. पंधराव्या वर्षीची चोरी त्याहून मोठी. मधल्या भावाला सुमारे २५ रुपयांचे कर्ज झाले होते. भावाच्या हातात सोन्याचे भरीव कडे होते. त्यातून थोडे सोने कापून घेतले गेले, कर्ज फिटले. कडे भावाचे, देणे भावाचे. घरात कोणाला पत्ता नव्हता. बाहेरच्या कोणत्याही सावकाराच्या दृष्टीने व्यवहार पूर्ण झाला होता.

मोहनला तो पूर्ण झाला असे वाटेना. पुन्हा चोरी करायची नाही हे त्याने ठरविले. पण तेवढ्याने भागत नव्हते, वडिलांना सांगायला हवे होते. मार बसेल ही भीती नव्हती, कारण कबा गांधींनी कोणा मुलावर हात उगारल्याचे त्याला आठवत नव्हते. भीती होती ती त्यांना होणाऱ्या दुःखाची. तोंडाने शब्द फुटेना म्हणून त्याने चिठ्ठी लिहिली. चिठ्ठीत सगळा दोष कबूल केला, शिक्षा मागितली, पुन्हा चोरी न करण्याची प्रतिज्ञा केली. आणि एक विनंती केली, की या अपराधासाठी वडिलांनी स्वतःला त्रास करून घेऊ नये.

कबा गांधी भगंदराने अंथरुणाला खिळले होते. अंथरूण म्हणजे साधी लाकडी फळी. थरथरत्या हाताने चिठ्ठी देऊन मोहन समोर बसला. वडील उठून बसले, त्यांनी चिठ्ठी वाचली. डोळ्यांतून आसवे ओघळून कागद भिजला. क्षणभर त्यांनी डोळे मिटले, मग चिठ्ठी फाडून टाकली आणि पुन्हा आडवे झाले. एक शब्दही बोलले नाहीत. मोहनही रडला. वडील संतापतील, कठोर बोलतील, कपाळ बडवून घेतील, असे त्याला वाटले होते. मुलाने चूक कबूल करताच पहिला प्रश्न ‘लोक काय म्हणतील’ हा निघतो, अशी घरे पाहिली की त्या अबोल क्षणाचे मोल कळते. कबा गांधी स्वभावाने तापट म्हणून प्रसिद्ध होते, हेही येथे लक्षात ठेवावे.

१८८५ मध्ये वडील गेले. तीन वर्षांनी मोहनला बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस पाठविण्याचे घाटू लागले, तेव्हा पुतळीबाईंचा जीव थाऱ्यावर राहिना. तिकडे गेलेली मुले बिघडतात, मांस खातात, दारू पितात, असे तिने ऐकले होते. तिने बेचरजी स्वामींना विचारले. बेचरजी स्वामी मूळचे मोढ वाणी, पुढे दीक्षा घेऊन जैन साधू झालेले, घरचे हितचिंतक. त्यांनी मार्ग काढला. मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची शपथ त्यांनी मोहनला दिली, आणि आईने परवानगी दिली. साधूंसमोर तो मुलगा शपथ घेत होता तेव्हा नदीकाठची गोष्ट आईला ठाऊक नव्हती. ती तिला शेवटपर्यंत कळली नाही. शपथ घेणाऱ्याला मात्र आपण कोणत्या मोडलेल्या गोष्टीवर पुन्हा हात ठेवीत आहोत हे पुरते माहीत होते.

४ सप्टेंबर १८८८ रोजी तो मुंबईहून जहाजाने निघाला. लंडनमध्ये पहिले काही महिने तो अर्धपोटीच राहिला. सकाळची लापशी पोटभर मिळे. पण दुपारी आणि रात्री पालक, पाव आणि मुरंबा. पावाचे दोन-तीन तुकडे खाल्ल्यावर आणखी मागायची लाज वाटे. ज्या मित्राकडे तो उतरला होता त्याला हे पाहवेना. हा मित्र राजकोटच्या मित्रासारखा नव्हता, मनापासून भले इच्छिणारा होता, आणि म्हणूनच त्याला नाही म्हणणे अधिक कठीण होते. निरक्षर आईपुढे, इकडची परिस्थिती ठाऊक नसताना घेतलेल्या शपथेला काय अर्थ, असे तो विचारी. बेंथमचा ग्रंथ वाचून दाखवी. मोहनदासने वाद घातला नाही. हे तर्क मला समजत नाहीत, पण शपथ मोडता येणार नाही, एवढेच तो सांगत राहिला. पाच वर्षांपूर्वी याहून कच्च्या युक्तिवादाने तो नदीकाठी गेला होता.

पुढे तो जेथे राहिला तेथल्या घरमालकिणीकडून त्याला कळले की शहरात शाकाहारी उपाहारगृहे आहेत. पत्ता मात्र माहीत नव्हता. तो रोज दहा-बारा मैल चालू लागला. राजकोटला मैदान चुकवून लावून घेतलेली सवय आता कामी आली. भूक फार लागली की एखाद्या स्वस्त खानावळीत शिरून नुसता पाव खायचा आणि पुन्हा रस्ता धरायचा. असा हिंडता हिंडता तो एके दिवशी फॅरिंग्डन स्ट्रीटवर एका शाकाहारी उपाहारगृहापाशी येऊन थबकला. लहान मुलाला हवी ती वस्तू मिळावी तसा आनंद झाला. दाराजवळच्या काचेमागे विक्रीची पुस्तके मांडलेली होती. त्यांतले हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराचा पुरस्कार करणारे पुस्तक त्याने एक शिलिंग देऊन घेतले आणि तो आत जाऊन बसला. इंग्लंडात पाऊल ठेवल्यापासून ते त्याचे पहिले पोटभर जेवण.

ते पुस्तक त्याने अथपासून इतिपर्यंत वाचले. आईला दिलेल्या शब्दाखातर जे पाळले होते ते आता त्याच्या बुद्धीला पटले, आणि मनाशी जपून ठेवलेली ती जुनी सवलत त्याने स्वखुशीने सोडली. याच वाटेवर त्याला जोशाया ओल्डफील्ड भेटले. ते ‘व्हेजिटेरियन’ या पत्राचे संपादक होते. काही काळ दोघे बेजवॉटर भागात एकाच बिऱ्हाडी राहिले. तेथे मोहनदासने एक शाकाहारी मंडळ काढले; ओल्डफील्ड अध्यक्ष, सर एडविन अर्नोल्ड उपाध्यक्ष, आणि चारचौघांत तोंड उघडायला घाबरणारा मोहनदास चिटणीस. काही महिन्यांनी त्याने जागा बदलली आणि मंडळ संपले.

पैचा हिशेब ठेवणारा तो मुलगा खोली शोधताना दोन गोष्टी पाही : भाडे परवडावे, आणि कामाच्या जागी अर्ध्या तासात पायी पोहोचता यावे. गाडीभाडे वाचे, रोज आठ-दहा मैल चालणे होई. विलायतेच्या त्या वर्षांत तो फारसा आजारी पडला नाही. राजकोटला जे बळ त्याने मांसात शोधले होते, ते लंडनच्या फरसबंदीवर चालता चालता त्याच्या अंगी आले होते.